कनातीमागचा मुक्काम

"दहाव्याच्या धर्मशाळेत? माझ्या मुलीचं लग्न तू दहाव्याच्या धर्मशाळेत लावणार?"

"तिथल्या खोल्यांना दारं आहेत. आतून कडी लागते."

"अगं, लोक तिथे अस्थी घेऊन उतरतात! गाडगी खुंटीला टांगून झोपतात!"

"टांगू देत. मेलेल्या माणसानं कुणाची झोपायची जागा अडवलेली मी तरी बघितली नाही. अडवतात ती जिवंतच."

जयराम गावितांनी कप असा आदळला की निम्मा चहा बशीत आला. पेठ रोडवरच्या त्या दोन खोल्यांत भांडायला जागा कमी, त्यामुळे भांडणाच्या जागाही ठरलेल्या होत्या. ते खिडकीजवळच्या खुर्चीत, भागीबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. मध्ये कॉटवर नवरी मुलगी, ज्योत्स्ना, मांडीवर ब्लाउजपिसं पसरून, आपण इथे नाहीच अशा चेहऱ्याने बसलेली. कुंभमेळा होऊन दुसरं वर्ष. लग्न वैशाखातलं.

"लॉन्सचं ठरलंय," जयराम म्हणाले. "गंगापूर रोड. कारंजं आहे. वर आठ खोल्या आहेत. गिझर आहे."

"आठ खोल्या कुणाला?"

"वरपक्षाला. जानवसा असतो तो. व्याह्यांनी स्पष्ट सांगितलंय, आठच्या आठ हव्यात. मुलीकडच्यांनी तिथे तोंड उघडायचं नसतं."

"आणि माझा भाऊ? पुंजा? पाड्यावरची माणसं?"

"पत्रिका चार पाठवल्यात वर. चार घरं येतील. त्यांची लावतो मी सोय."

"कुठं?"

"लावतो म्हटलं ना!"

भागीबाई हसली. ते हसू ऐकून ज्योत्स्नाने ब्लाउजपिसांतून मान वर काढली. आई असं हसली की पुढे काय होतं ते तिला ठाऊक होतं.

"चार पत्रिका," भागीबाई म्हणाली. "अहो गावितसाहेब, तुमचा जन्म कुठला? मुंबईचा? पाड्यावर पत्रिका वाचून कोण लग्नाला जातं? पुंजा हळदीचे तांदूळ घेऊन घरोघर फिरून आलाय. दारादारात उभा राहून 'मुक्कामी या' म्हणून आलाय. अख्खा पाडा येणार. शेजारचाही येणार. आणि गोरज मुहूर्ताचं लग्न लावून, दहाला जेवायला वाढून, तुम्ही त्यांना घाट चढायला लावणार? त्या वेळी जीप सोडा, कुत्रं जात नाही घाटानं."

जयरामांनी बशीतला चहा परत कपात ओतला. विसरले होते ते. खरोखरच विसरले होते. ज्या माणसाच्या स्वतःच्या लग्नाला तीन पाड्यांची माणसं रात्रभर नाचून अंगणातच पहाटे आडवी झाली होती, त्याने घरोघरी दिलेला तांदूळ विसरून छापील पत्रिकांवरून पाहुण्यांचा हिशेब केला होता. डोंगरात लग्नाचं बोलावणं म्हणजे रात्रीचं बोलावणं. यायचं, आपापले तांदूळ-नागली आणायची, नाचायचं, झोपायचं, सकाळी नवरीला बघून निघायचं. जेवू घालून त्याच पावली परत पाठवतात ते मजुरांना.

"उद्या बघायला तरी ये, आई," ज्योत्स्ना म्हणाली. "न बघताच कशाला नाही म्हणतेस? त्यांच्या घरचे पण येणारेत."

"येते," भागीबाई म्हणाली. "डोळे भरून बघते."

भागीबाईचा राग डोक्यात जात नसे, पायांत उतरत असे. रागावली की तिला बसवत नसे. सिव्हिल हॉस्पिटलच्या ज्या वॉर्डात ती आया होती, तिथल्या सिस्टर तिची चाल बघून ओळखायच्या. "भागीबाई जोरात चालल्यात, आज कुणाचं तरी काही खरं नाही." आणि खरंच, थोड्या वेळात कुठल्या तरी वॉर्डबॉयचा उद्धार ऐकू यायचा, कारण त्याने पेशंटच्या म्हाताऱ्या बापाला जिन्याखालून उठवून पोर्चमध्ये हाकललेलं असायचं.

जिन्याखाली झोपणारी ती माणसं बहुतेक वरचीच असायची, सुरगाण्याची, पेठची. पेशंटला खाट मिळायची, त्याच्या माणसांना काहीच मिळायचं नाही. भागीबाई त्यांना हाताला धरून पंचवटीत त्या धर्मशाळेत नेऊन सोडायची. जुनी, दगडी, मध्ये प्रशस्त चौक, चारी बाजूंनी खोल्या. दहाव्याला, अस्थी विसर्जनाला आलेली माणसं तिथे उतरायची, हे खरं. पण तिथले दिवाणजी नाव विचारायचे, गाव विचारायचे आणि किल्ली द्यायचे. त्यापुढे काही विचारायचे नाहीत. शहरात इतक्या सरळ हाताने किल्ली देणारं दुसरं कुणी भागीबाईला भेटलं नव्हतं.

जयरामांची आई रंगूबाई लकवा होऊन सिव्हिलला पडली होती, तेव्हा पुंजा आणि पाड्यावरचे गडी पाळीपाळीने तिथेच राहिले होते. भाताची लावणी टाकून आले होते. जयरामांना ऑफिसातून रजा मिळत नव्हती. म्हातारीला कुशीवर वळवायचं, पुसायचं, पेज भरवायची, ते सगळं पुंजाने केलं. बहिणीची सासू, त्याची कोण लागत होती? पण त्याने कधी तसा शब्द काढला नाही. म्हातारी गेली तेव्हा तिचं डोकं पुंजाच्या हातावर होतं. आणि मुलगा ऑफिसातून निघतच होता.

पण भागीबाईच्या रागाचं मूळ त्याहून जुनं होतं.

तिच्या लहानपणी भात कापून झाला की अख्खं घर खाली उतरायचं, पिंपळगाव बसवंतच्या बाजूला, द्राक्षबागांत. गडी छाटणी करायचे, बाया घड विरळायच्या, पोरं काड्या वेचायची. मुक्काम पॅकिंग शेडच्या भिंतीला टेकून, वर ताडपत्री. पहाटे थंडी अशी की आई तिला आणि पुंजाला एकाच गोधडीत गुंडाळून वर स्वतः पडायची. त्याचं दुःख नव्हतं. सगळेच तसे झोपायचे.

एका वर्षी बागायतदाराच्या मुलीचं लग्न निघालं. बंगल्यापुढे मांडव पडला, आणि मांडव आणि शेड यांच्या मधोमध मुकादमाने एक लांबलचक कनात ताणली. लाल-पिवळ्या पट्ट्यांची, माणसाच्या डोक्याहून उंच. मजुरांना सांगितलं, दोन दिवस कुणी पलीकडे दिसायचं नाही. पाहुणे यायचेत.

भागीला वाटलं, कनात आपल्यासाठी आहे, वारा लागू नये म्हणून. रात्री बँडचा आवाज आला तशी ती पुंजाचा हात धरून कनातीपाशी गेली आणि खालची झालर उचलून डोकावली. पलीकडे नुसते बूट दिसत होते. पांढरे, काळे, पॉलिश केलेले. मग त्यातल्याच एका बुटाने झालर दाबून धरली आणि वरून एक आवाज आला, "ए, हो तिकडं. हे काय जत्रा हाय का?"

सकाळी कनातीवरून जिलबीची एक पाटी अलीकडे आली. आईने घेतली नाही. आईने का घेतली नाही हे भागीला तेव्हा कळलं नाही. ती जिलबीसाठी रडली. नंतर कळलं. तेव्हापासून ते लाल-पिवळे पट्टे कुठल्याही मांडवाला दिसले की तिचे पाय आपोआप वेग घेत.

दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडच्या लॉन्सवर कारंजं उडत होतं. बाजूला प्लास्टरचे दोन घोडे पुढचे पाय उचलून उभे. मॅनेजर तरुण होता. कमरेला मोबाइल, तोंडात बडीशेप. तो जयरामांना "साहेब", ज्योत्स्नाला "मॅडम" म्हणत होता आणि भागीबाईला काहीच म्हणत नव्हता.

"या खोल्या बघा साहेब. टकाटक. नवऱ्याकडचे एकदम खूश. आपल्याकडे उतरलेला जावई कधी रुसून गेला नाही, हा रेकॉर्ड आहे."

भागीबाईने गादी दाबून बघितली. नळ सोडून बघितला. मग विचारलं, "आणि आमची माणसं?"

"तुमची म्हणजे?"

"माझ्या माहेरची. सुरगाण्याकडून येतील. बाया आहेत, लहान पोरं आहेत. म्हातारी आहेत."

मॅनेजरने तिच्याकडे न बघता जयरामांकडे बघितलं. "हां हां. साहेब बोललेत ना मला. त्यांचं डोक्यात आहे आपल्या. ते मागे, जनरेटरच्या पलीकडे मोकळी जागा आहे. तिथे कनात मारून देतो. सतरंज्या टाकतो, पिंप ठेवतो पाण्याचं. लॉन्सवरून काही दिसणार नाही. आणि खरं सांगू का, त्या लोकांना मोकळ्यावरच बरं वाटतं. खोलीत कोंडल्यासारखं होतं त्यांना. काय साहेब?"

आणि जयराम हसले.

मोठ्याने नाही. ऑफिसात वरिष्ठाने विनोद केला की हसतात, तेवढंच. पण हसले. भागीबाईने ते हसू बघितलं, ज्योत्स्नाने आईला बघताना बघितलं, आणि खाली कारंज्याचं पाणी आपलं उडत राहिलं.

"कनात," भागीबाई म्हणाली.

"भागी, घरी गेल्यावर बोलू."

"कनात मारायला सांगितली तुम्ही. आधीच."

"घरी बोलू म्हटलं ना!"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि व्याही-विहीण वर आले. धनराज भोये नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरीला, माणूस अबोल. मोहिनीताई दोघांच्या वाटणीचं एकट्या बोलायच्या. समाजातलेच, पण दोन पिढ्या शहरात.

"अगंबाई, तुम्ही आधीच पोचलात! आमच्या ह्यांचा गॉगल सापडेना. ज्योत्स्ना, वाळलीस गं. काय हो गावित, ह्या एवढ्या खोल्या सगळ्या आपल्या?"

"तुमच्याच," जयराम घाईने म्हणाले. "चला, आपण खाली स्टेज बघून घेऊ."

"थांबा हो. आम्हाला कशाला एवढ्या? मी तेव्हाच म्हटलं ह्यांना. आम्ही रात्रीच घरी जाणार. रिक्षा केली तरी अर्ध्या तासाचं काम! मुलाला कपडे बदलायला एक खोली असली की झालं. बोलला होतात ना तुम्ही गावितांना?"

"बोललो होतो," धनराज म्हणाले. "हे म्हणाले, पद्धत आहे, घ्यायलाच लागतील."

"पद्धत कसली मेली! कुलपं लावून का ठेवायच्यात?" मोहिनीताई हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की बाकी कुणी हसत नाहीये.

भागीबाई विहिणीसमोर एक अक्षर बोलली नाही. पण तिचे पाय सुटले होते. ती गॅलरीतून चालू लागली. पहिल्या खोलीचं दार उघडलं, आत बघितलं, ओढून घेतलं. धाड. दुसऱ्या खोलीचं. धाड. मॅनेजर मागून "अहो ताई, अहो काकू, सगळ्या सेमच आहेत" करत होता. शेवटच्या दारापर्यंत ती गेली. ते जरा जास्तच जोरात लागलं.

घरात शिरल्यावर जयराम खुर्चीत बसले नाहीत, आणि भागीबाई उंबऱ्यात थांबली नाही. ती थेट त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"त्यांनी एक खोली मागितली. तू मला आठ सांगितल्या."

लग्न झालं तेव्हा दोघं एकमेकांना अरे-तुरेच करायची. नोकरी लागल्यावर जयरामांनीच सांगितलं होतं, चारचौघांत बरं दिसत नाही, 'अहो' म्हण. आज इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून 'तू' निघाला आणि त्यांनाही तो टोचला नाही, इतका तो जागच्या जागी बसला.

"सात खोल्या कुणासाठी ठेवणार होतास? भुतांसाठी?"

"माझे साहेब येणार आहेत. ऑफिसचे सगळे येणार आहेत."

"ते झोपणार तिथं?"

"नाही."

"मग रिकाम्या ठेवणार होतास. कुलूप लावून. पण पुंजाला देणार नव्हतास."

"हो, नव्हतो देणार!" जयराम ओरडले. "ऐकायचंय ना तुला? ऐक. वरच्या गॅलरीत ती माणसं येऊन उभी राहिली असती. लुगडी वाळत घातली असती कठड्यावर. विड्या ओढल्या असत्या. खाली माझे साहेब जेवताहेत, वर हा सगळा बाजार! अगं, तुला काय माहीत, पंचवीस वर्षं मी काय ऐकलंय त्या ऑफिसात. 'गावित, तुमच्याकडे उंदीर खातात का हो?' 'गावित, आज बूट घालून आलात?' हसत हसत. पाठीवर हात ठेवून. मी पण हसलो. दर वेळी हसलो. एक संध्याकाळ, फक्त एक संध्याकाळ मला त्यांच्यासारखं उभं राहायचं होतं. चूक झाली माझी?"

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. ऑफिसातून तो कसा घरी यायचा, ते तिने रोज बघितलं होतं. म्हणूनच तिचा राग दुप्पट झाला.

"आज पण तसाच हसलास," ती म्हणाली. "तुला हसले म्हणून तू पुंजाला हसलास. त्या पोरगेल्या मॅनेजरबरोबर! 'त्या लोकांना मोकळ्यावरच बरं वाटतं.' तुझ्या आईला कुणी पुसलं रे? कुणाच्या हातावर गेली ती? त्या हाताला तू जनरेटरच्या मागं झोपवणार?"

"आईचं नाव काढू नकोस."

"काढणार! लय वेळा काढणार! मी लहानपणी कनातीच्या त्या बाजूला झोपलेय. ती कनात परक्यानं मारली होती. तिचं काय वाटायचं? परका तो परकाच. ही माझ्या घरच्यानं मारलीय."

"आई, बाबा, पुरे ना!" ज्योत्स्ना रडवेली झाली होती. "मैत्रिणींना सांगितलंय मी लॉन्स म्हणून. सगळ्यांची लॉन्सवरच झाली. मी काय धर्मशाळा म्हणून सांगू?"

भागीबाई वळली. "तुला बोहल्यावर कोण आणणार?"

"म्हणजे?"

"कोण आणणार? हात धरून?"

"मामा."

"मामा. कुठून उठून येणार तो तुला आणायला? कनातीमागून? आणि तुला उभी करून परत कुठं जाणार?"

ज्योत्स्नाने ओठ दाबले. एक ब्लाउजपीस उचललं, घडी केली, मोडली, पुन्हा केली. पण ती "नको मग लॉन्स" असं म्हणाली नाही. भागीबाईने वाट बघितली. बरीच वाट बघितली. ती म्हणाली नाही. ते भागीबाईला नवऱ्याच्या हसण्याइतकंच लागलं.

"बरं," ती म्हणाली.

देवाच्या फळीवर स्टीलचा एक डबा होता. पुंजा आला होता तेव्हा ठेवून गेला होता. उभ्या उभ्याच आला होता, पाणी पिऊन निघाला होता. "पाड्याचं मी सांगितलं, बाई. शहरातल्या घरांचं तू सांग. आन् दाजींना म्हण, काळजी करू नका, तांदूळ आमी आणू. फक्त निजायला जागा बघा, बाया-पोरं हायेत." एवढंच मागणं होतं त्याचं.

तिने डबा उघडला. पिवळेधमक तांदूळ. मूठभर काढून रुमालात बांधले, गाठ मारली, रुमाल कमरेला खोचला.

"दिवाणजींना मी आधीच विचारून ठेवलंय," ती म्हणाली. "त्या दिवशी अख्खी धर्मशाळा मोकळी आहे. चौकात मांडव पडेल. साऱ्या खोल्या माणसांनी भरतील. तुझ्या साहेबांना सांग, बूट बाहेर काढायला लागतील."

"भागी, वेडी झालीस? मी शब्द दिलाय लॉन्सवाल्याला."

तिने पदर खोचला.

"कुठे निघालीस?"

तिने चपला पायांत सरकवल्या. ज्योत्स्ना कॉटवरून अर्धवट उठली आणि तशीच राहिली.

"नाशिकरोडला चाललीस ना? व्याह्यांकडे? हळदीचे तांदूळ घेऊन? अगं, ती शहरातली माणसं आहेत, हसतील ती आपल्याला! भागी, मी विचारतोय. त्यांच्या दारात उभी राहून लग्न कुठे आहे म्हणून सांगणार आहेस?"

फाटक वाजलं. पेठ रोडच्या धुळीत भागीबाई बसथांब्याच्या दिशेने चालली होती, जोरात, कमरेच्या रुमालावर एक हात दाबून. जयराम खिडकीशी आले आणि त्यांनी पुन्हा एकदा, या वेळी हळू आवाजात, तोच प्रश्न विचारला. ती एव्हाना पुढच्या वळणावर पोचली होती.